नेटवर्क नसताना भरलेली माहिती जाते कुठे?

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जत सोडून घाटातील बोगद्यांत शिरली की मोबाइलचे नेटवर्क जाते, हा प्रवाशांचा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी कोणी एखाद्या संकेतस्थळावरील लांबलचक अर्ज भरत असेल आणि नेमके त्याच क्षणी ‘पाठवा’ हे बटण दाबले गेले, तर अनेकदा पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना उमटते आणि भरलेली सारी माहिती नाहीशी होते. प्रवाशाची दहा मिनिटे वाया जातात, चिडचिड होते. त्यापलीकडे फारसे बिघडत नाही. परंतु हाच प्रसंग केनियातील एखाद्या दुर्गम खेड्यात घरोघरी फिरून तापाने फणफणलेल्या बालकांची आणि गर्भवतींची नोंद घेणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीवर ओढवला, तर हरवलेल्या एका नोंदीची किंमत कितीतरी मोठी असू शकते.

या अडचणीवरील उपाय ब्राउझरमध्येच उपलब्ध आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारख्या आजच्या प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये एक छोटेखानी डेटाबेस असतो. नेटवर्क असो वा नसो, संकेतस्थळाला त्यात माहिती लिहिता येते, वाचता येते आणि पुढे संपर्क जुळला की ती दूरच्या सर्व्हरकडे पाठविता येते. २०१० नंतरच्या दशकात तर हे काम पानाच्या मजकुरात केवळ एखादा टॅग लिहून करून घेण्याची सोयही विकसित झाली. ही सोय कशी चालते, तिने काय साधले आणि कोणता प्रश्न तिच्याही आवाक्याबाहेर राहिला, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

कुकीपासून डेटाबेसपर्यंत

वेबची मूळ रचनाच विसरभोळी आहे. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि नंतर दोघांनीही एकमेकांना विसरून जायचे, असा हा व्यवहार. त्यावर पहिला उपाय १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी शोधला. सर्व्हरने ब्राउझरच्या हाती एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवायची, ही ती कल्पना. हीच ‘कुकी’. मात्र या चिठ्ठीत जेमतेम चार किलोबाइट मजकूर मावतो आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीसोबत ती पाठवावी लागते. ओळख पटविण्यापुरती ती उपयुक्त ठरली. माहितीचा साठा करण्यासाठी मात्र ती अपुरीच होती.

मे २००७ मध्ये गुगलने ‘गिअर्स’ हे जोडसॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. ‘एसक्यूलाइट’ हा आकाराने लहान परंतु कामात परिपूर्ण असा डेटाबेस त्याद्वारे ब्राउझरला जोडला गेला. नेटवर्क नसतानाही गुगल रीडरमधील लेख वाचता येऊ लागले. तथापि हे सॉफ्टवेअर प्रत्येकाला आपापल्या संगणकावर वेगळे बसवावे लागे. हीच सोय ब्राउझरमध्ये मुळातच असावी, या विचारातून ‘वेब एसक्यूएल’ हा मसुदा पुढे आला. सफारी आणि क्रोम या ब्राउझरनी तो स्वीकारलाही.

परंतु येथे एक तात्त्विक अडचण उभी राहिली. वेबचे एखादे मानक निश्चित व्हायचे, तर त्यावर आधारलेल्या आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा एकाहून अधिक रचना अस्तित्वात असाव्या लागतात. येथे तर ज्याने त्याने आत एसक्यूलाइटच बसविले होते. म्हणजे मानक कागदावरील मसुदा नसून एका विशिष्ट सॉफ्टवेअरची वागणूक हेच मानक ठरणार होते. परिणामी वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये या मसुद्यावरील काम थांबविले. पुढे २०२३ मध्ये क्रोमनेही ही सोय काढून टाकली.

तिची जागा घेतली ती ‘इंडेक्स्ड डीबी’ने. ओरॅकल कंपनीतील निकुंज मेहता यांनी २००९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून ही रचना आकाराला आली आणि ८ जानेवारी २०१५ रोजी तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. दवाखान्यातील केसपेपरच्या कपाटाशी तिची तुलना करता येईल. प्रत्येक केसपेपरला एक क्रमांक असतो. क्रमांक सांगितला की कागद हाती येतो. शिवाय आडनावानुसार किंवा गावानुसार सूची केलेली असेल, तर त्यावरूनही शोध घेता येतो. इंडेक्स्ड डीबीमध्येही प्रत्येक नोंद एका किल्लीसह ठेवली जाते आणि किल्लीच्या वा सूचीच्या आधारे काढली जाते. प्रत्येक संकेतस्थळाचे कपाट स्वतंत्र असते. एका संकेतस्थळाला दुसऱ्याचे कपाट उघडता येत नाही. त्याचप्रमाणे एका व्यवहारातील सर्व नोंदी एक तर पूर्णपणे लिहिल्या जातात किंवा त्यांतील एकही लिहिली जात नाही. अर्धवट लिखाणातून होणारा घोटाळा त्यामुळे टळतो.

‘कसे’ नव्हे, ‘काय’ ते सांगा

इंडेक्स्ड डीबी सामर्थ्यवान असला तरी वापरायला किचकट आहे. एक साधी नोंद ठेवायची म्हटली तरी प्रोग्रामरला आधी डेटाबेस उघडावा लागतो, त्याची आवृत्ती तपासावी लागते, कप्पा नसल्यास तयार करावा लागतो, व्यवहार सुरू करावा लागतो, नोंद लिहिण्याची विनंती करावी लागते आणि ती यशस्वी झाली की फसली, याची वाट पाहावी लागते. यातील एखादी पायरी चुकली, तर माहिती गहाळ होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

शिंप्याकडे गेलेला गिऱ्हाईक ‘पूर्ण बाह्यांचा, दोन खिशांचा सदरा हवा’ एवढेच सांगतो. कापड कोठे कापायचे आणि टाके किती घालायचे, हे तो सांगत बसत नाही. प्रोग्रामिंगमध्येही अशा दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक कृती क्रमाने सांगावी लागते. दुसरीत केवळ अपेक्षित परिणाम नमूद करायचा असतो. वेबपाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, ती दुसऱ्या प्रकारातील आहे. पानात चित्र हवे असेल, तर चित्राचा टॅग लिहून त्याचा पत्ता द्यायचा; ते मागवून घेणे आणि पडद्यावर रंगविणे ही जबाबदारी ब्राउझरची.

मग माहिती साठविण्यासाठीही असाच एखादा टॅग का असू नये? या प्रश्नाचे उत्तर ‘वेब कंपोनंट्स’ या तंत्राने दिले. गुगलमधील अभियंते अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली. तिच्यामुळे प्रोग्रामरला स्वतःचे टॅग तयार करता येतात. अट एकच, की अशा टॅगच्या नावात संयोगचिन्ह असलेच पाहिजे. भविष्यात एचटीएमएलमध्ये नवे टॅग आले तरी त्यांच्याशी नावाचा गोंधळ होऊ नये, हा त्यामागील हेतू. टॅगच्या आतील यंत्रणा बाहेरील पानापासून अलग राहते आणि एकदा तयार केलेला टॅग कोणत्याही पानात वापरता येतो. सुधारित मानकानुसार क्रोमने २०१६ मध्ये, सफारीने २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये या टॅगना आधार दिला.

या तंत्राचा प्रसार व्हावा म्हणून गुगलने २०१३ मध्ये ‘पॉलिमर’ हा प्रकल्प जाहीर केला. पुढे त्यातूनच माहिती साठविणाऱ्या टॅगचा एक संच तयार करण्यात आला. यांपैकी ‘अ‍ॅप-लोकलस्टोरेज-डॉक्युमेंट’ हा टॅग अर्जातील मजकूर ‘लोकल स्टोरेज’ या ब्राउझरमधील साध्या साठ्यात ठेवतो. हा साठा साधारण पाच मेगाबाइटचा असतो आणि त्यात केवळ मजकूर मावतो. ‘अ‍ॅप-इंडेक्स्डडीबी-मिरर’ या टॅगचे काम नावाप्रमाणे आरशाचे आहे. संपर्क असेपर्यंत सर्व्हरकडून आलेल्या माहितीची प्रत तो इंडेक्स्ड डीबीत उतरवून ठेवतो आणि संपर्क तुटला की पानाला तीच प्रत दाखवितो. पानाच्या लेखी जणू काही घडलेच नाही! प्रोग्रामरने फक्त माहितीचे नाव आणि किल्ली सांगायची; डेटाबेस उघडण्यापासून बंद करण्यापर्यंतची सारी उठाठेव टॅगच्या पोटात.

मात्र आरशात प्रतिमा दिसते. आरशावर लिहिलेले मूळ वस्तूवर उमटत नाही. हा टॅगही केवळ वाचण्यापुरता होता. नेटवर्क नसताना वापरणाऱ्याने केलेला बदल सर्व्हरपर्यंत नेणे, हे काम त्याच्या कक्षेत नव्हते.

साठविणे सोपे, मेळ घालणे अवघड

एखाद्या पेढीच्या दोन शाखा आहेत आणि दोन्हीकडे एकाच गिऱ्हाइकाच्या खात्याची वही आहे, अशी कल्पना करावी. शाखांमध्ये दिवसभर संपर्क नाही. सायंकाळी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून मेळ घालायचा आहे. एका वहीत गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला आहे आणि दुसऱ्या वहीतही बदलला आहे, पण निराळा. खरा कोणता मानायचा? ब्राउझरमधील डेटाबेस आणि सर्व्हर यांच्यातील ‘सिंक’ म्हणजे हाच मेळ. टॅगच्या सोयीला खरी कसोटी लागते ती येथे.

सर्वांत सोपा नियम म्हणजे जो बदल शेवटी झाला तो खरा. वरवर हा नियम रास्त वाटतो. पण ‘शेवटी’ हे ठरवायचे कोणाच्या घड्याळावरून? दोन मोबाइलमधील घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असला, तर आधी झालेला बदल नंतरचा ठरून योग्य नोंद पुसली जाऊ शकते. यातील गंभीर बाब अशी, की पुसली गेलेली नोंद कोणाच्या लक्षातही येत नाही.

या प्रश्नाला वेगळी बगल देणारा डेटाबेस म्हणजे ‘काउचडीबी’. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस नोट्स’ या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये दूरदूरच्या संगणकांवरील प्रतींचा मेळ घालण्याची यंत्रणा होती. त्या सॉफ्टवेअरवर काम केलेले डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबीची सुरुवात केली. यात प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक असतो. बदल करणाऱ्याला आपण कोणत्या आवृत्तीवरून बदल करीत आहोत, हे सांगावे लागते. दोन ठिकाणी एकाच आवृत्तीवरून दोन वेगळे बदल झाले, तर मेळ घालताना दोन्ही राखून ठेवले जातात. त्यांपैकी एक ‘विजयी’ म्हणून दाखविला जातो. ज्या शाखेत अधिक वेळा बदल झाले ती विजयी. बरोबरी झाल्यास आवृत्तीच्या खुणेच्या क्रमावरून निवड होते. घड्याळाचा येथे संबंध नाही. त्यामुळे प्रत्येक यंत्र, इतरांशी सल्लामसलत न करताही, त्याच निर्णयाला पोहोचते. पराभूत बदल मात्र नष्ट होत नाही; पुढे माणसाने वा प्रोग्रामने त्याचा निवाडा करावा म्हणून तो शिल्लक राहतो.

काउचडीबीचा ब्राउझरमधील जोडीदार म्हणजे ‘पाउचडीबी’. तो इंडेक्स्ड डीबीच्या आधाराने चालतो आणि संपर्क जुळताच सर्व्हरवरील काउचडीबीशी दोन्ही दिशांनी मेळ घालतो. पॉलिमरच्या टॅगसंचात पाउचडीबीसाठीही टॅग तयार करण्यात आले. त्यांची विभागणी बोलकी आहे. नोंद ठेवण्यासाठी एक टॅग, मेळ घालण्यासाठी दुसरा आणि दोन बदलांत तंटा उद्भवल्यास तो सोडविण्यासाठी तिसरा! याचा अर्थ असा, की साठविण्याची आणि पाठविण्याची यंत्रणा टॅगच्या आड झाकता आली. परंतु तंटा कसा सोडवायचा, हा निर्णय प्रोग्रामरला उघडपणे सांगावाच लागला. कारण तो तंत्राचा प्रश्न नाही. रुग्णाचे वजन एकाने ४८ किलो आणि दुसऱ्याने ५४ किलो लिहिले असेल, तर त्यातील खरे कोणते, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही.

केनियातील वही

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे आफ्रिकेतील आणि नेपाळमधील आरोग्य कार्यक्रमांवरून दिसते. ‘कम्युनिटी हेल्थ टूलकिट’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलवर पाउचडीबी आणि सर्व्हरवर काउचडीबी हीच जोडी वापरलेली आहे. पॉलिमरचे टॅग त्यात नाहीत; पण साठवण आणि मेळ यांची मूळ यंत्रणा तीच. ‘मेडिक’ ही संस्था या सॉफ्टवेअरची तांत्रिक धुरा सांभाळते. केनिया सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे १ लाख समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांना साहित्य आणि मोबाइल देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या नोंदींसाठी उभारलेली राष्ट्रीय यंत्रणा याच सॉफ्टवेअरवर आधारलेली आहे. आपल्याकडील आशा कार्यकर्तींप्रमाणेच हे कार्यकर्ते घरोघरी जातात. भेटीच्या वेळी नेटवर्क असेलच, याची खात्री नसते.

अशा कामात संपूर्ण जिल्ह्याची माहिती प्रत्येकाच्या मोबाइलवर उतरविणे शक्य नसते आणि इष्टही नसते. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाइलवर केवळ त्याच्या वस्तीतील कुटुंबांच्याच नोंदी उतरतात. यातून साठा आटोक्यात राहतो, मेळ लवकर बसतो आणि एखादा मोबाइल हरवला तरी उघड होणारी माहिती मर्यादित राहते.

तंट्यांबाबतही या सॉफ्टवेअरची रचना मार्मिक आहे. बालकाची प्रत्येक भेट म्हणजे जुन्या नोंदीत केलेली दुरुस्ती नव्हे, तर स्वतंत्र अशी नवी नोंद असते. सोमवारी कार्यकर्तीने ताप नोंदविला आणि मंगळवारी दवाखान्यातील परिचारिकेने औषध दिल्याचे लिहिले, तर त्या दोन निरनिराळ्या नोंदी होतात. त्यांच्यात तंटा उद्भवण्याचे कारणच उरत नाही. जुन्या पेढ्यांवरील मुनीम रोजकीर्दीत खाडाखोड करीत नसत. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद घालीत. शतकानुशतके पाळला गेलेला तो दंडक ब्राउझरमधील डेटाबेसलाही तितकाच लागू पडतो. तंटा सोडविण्यापेक्षा तो उद्भवू न देणारी मांडणी केव्हाही श्रेयस्कर.

‘जतन झाले’ म्हणजे नेमके काय?

या साऱ्या सोयींतून एक गैरसमज मात्र बळावण्याचा धोका आहे. पडद्यावर ‘जतन झाले’ असे शब्द उमटले की माहिती सुरक्षित झाली, असे वापरणारा गृहीत धरतो. वास्तविक ती केवळ त्याच्या मोबाइलमधील ब्राउझरमध्ये उतरलेली असते. मोबाइल हरवला, बिघडला किंवा कोणी ब्राउझरमधील साठा ‘साफ’ केला, तर ती तेथेच संपते.

खुद्द ब्राउझरही हा साठा कायमचा राखण्याची हमी देत नाही. यंत्रातील जागा कमी पडू लागली, तर फारशा न वापरल्या जाणाऱ्या संकेतस्थळांचा साठा तो पुसू शकतो. अ‍ॅपलने मार्च २०२० मध्ये सफारीत असा नियम आणला, की सफारीच्या वापराच्या सात दिवसांत एखाद्या संकेतस्थळाशी वापरणाऱ्याचा काहीच संबंध आला नाही, तर त्या संकेतस्थळाने जावास्क्रिप्टद्वारे लिहिलेला साठा काढून टाकला जावा. जाहिरातदारांनी लोकांचा माग काढू नये, हा त्यामागील उद्देश होता. परंतु इंडेक्स्ड डीबीतील प्रामाणिक नोंदीही त्याच नियमात सापडल्या. मोबाइलच्या मुख्य पडद्यावर बसविलेल्या वेब अ‍ॅपना यातून सूट देण्यात आली. आपला साठा टिकाऊ समजावा, अशी विनंती संकेतस्थळाला ब्राउझरकडे करता येते. ती मान्य करणे न करणे मात्र ब्राउझरच्या वा वापरणाऱ्याच्या हाती असते.

नेटवर्क आहे की नाही, हे ओळखण्याची ब्राउझरची पद्धतही पुरती विश्वासार्ह नाही. मोबाइल वाय-फायच्या यंत्राशी जोडलेला असला की ब्राउझर ‘संपर्क आहे’ असे सांगतो; त्या यंत्राच्या पलीकडे इंटरनेट बंद असले तरीही. म्हणूनच नोंद पाठविली एवढ्यावर समाधान न मानता, ती मिळाल्याची पोच सर्व्हरकडून आल्यावरच काम पूर्ण झाले असे समजणे आवश्यक ठरते. टपालखात्याच्या रजिस्टर पत्राला पोचपावती जोडण्यामागे हाच विचार होता.

टॅग बदलले, कल्पना टिकली

पॉलिमर प्रकल्पाचा भर पुढे ‘लिट’ या अधिक आटोपशीर साधनाकडे वळला आणि माहिती साठविणारे ते जुने टॅग मागे पडले. तथापि वेब कंपोनंट्स हे तंत्र आज सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये रुजलेले आहे. आपोआप मेळ बसेल अशा माहितीच्या रचनांवर मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेले संशोधनही आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये उतरू लागले आहे. यादीत दोघांनी दोन नवी नावे घातली, तर ती दोन्ही राहावीत, इतपत शहाणपण अशा रचनांत असते. वजन ४८ की ५४, याचा निवाडा मात्र त्यांनाही करता येत नाही.

टॅगने प्रोग्रामरचे श्रम वाचविले, चुका कमी केल्या, हे नि:संशय. पण माहिती या क्षणी कोठे आहे, तिच्या किती प्रती आहेत आणि दोन प्रतींत मतभेद झाला तर काय होईल, हे प्रश्न टॅगच्या आड ढकलून मिटत नाहीत. त्यांची उत्तरे प्रोग्रामरने आधी ठरवावी लागतात आणि वापरणाऱ्यालाही ती पडद्यावर स्पष्ट दिसावी लागतात. ‘मोबाइलमध्ये नोंदविले, अद्याप पाठविलेले नाही’ आणि ‘सर्व्हरवर पोहोचले’ या दोन साध्या वाक्यांतील फरक जे संकेतस्थळ दाखविते, तेच विश्वासास पात्र ठरते. बोगद्यातील प्रवाशाला त्याने दिलासा मिळेल. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला मात्र, आजारी बालकाची आपण घेतलेली नोंद दवाखान्यापर्यंत पोहोचली आहे की पुढचा निरोप स्वतः चालत जाऊन द्यावा लागणार आहे, हे त्यावरूनच कळेल.